बुध दाखवण्याचा धंदा

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या फिरत्या तारांगणाच्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी बरं म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की गमती पुष्कळ आहेत, पण त्यांच्या खाली जे साचलंय ते काही हलकं नाही. ज्यांना फराळाबरोबर गोडच हवं असेल त्यांनी सरळ पुढचा लेख काढावा.

वीस-बावीस वर्षं मी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाळांमधून तारांगण घेऊन हिंडलो. तारांगण म्हणजे काय, ते आधी सांगतो. जाड काळ्या कापडाचा एक मोठा घुमट असतो. शाळेच्या हॉलमध्ये तो अंथरायचा आणि एका बाजूनं पंखा लावून आत हवा भरायची. पाच-दहा मिनिटांत उपड्या टोपलीसारखा तो उभा राहतो. आत जायला कापडाचाच बोगदा, त्यातून रांगत जायचं. मधोमध यंत्र. दिवा लावला की घुमटाच्या आतून सगळं आकाश उमटतं. मुलांना ताऱ्यांपेक्षा त्या रांगण्याचंच कौतुक जास्त. शिक्षकांना मात्र रांगायची लाज वाटते. मुलं आत आकाश बघत असताना निम्मे गुरुजी बाहेर चहा पीत बसायचे, आणि मग वर्गात जाऊन तेच मुलांना सूर्यमाला शिकवायचे.

लाईट गेली की पंखा बंद, आणि पंखा बंद झाला की आकाश हळूहळू खाली बसायला लागतं. पश्चिमेकडच्या, डोंगरातल्या एका शाळेत मुख्याध्यापक मोठ्या हौसेनं रांगत आत आले. गडी अंगानं भरलेला. परत निघताना ते बोगद्यात होते आणि लाईट गेली. कापड त्यांच्या अंगाला चिकटलं. आत चाळीस पोरं हसून लोळतायत, बाहेर शिपाई ओरडतोय, "सर, हलू नका, फाटंल!" सरांपेक्षा कापडाची काळजी करणारा तो शिपाई मला फार आवडला. शेवटी मी आणि त्यानं सरांना पायाला धरून ओढून काढलं. त्या शाळेनं पुन्हा आम्हाला बोलावलं नाही.

मी मूळचा खोडदचा. गावाशेजारी त्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. त्यामुळे कुठंही गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "त्या छत्रीतून तुमाला समदं दिसत आसंल न्हाई?" मी सांगायचो, बाबांनो, ती दुर्बीण डोळ्यानं बघत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. आणि माझा तिच्याशी संबंध एवढाच की तिच्या कडेनं आमचा टेम्पो जातो. यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही. मी काहीतरी लपवतोय असंच लोकांना वाटायचं.

आता बुधाचं. आमचं पहिलं यंत्र जुन्या पद्धतीचं होतं. भोकं पाडलेला डबा, त्यात मोठा दिवा. भोकांतून तारे पडायचे. ग्रहांना मात्र वेगवेगळे छोटे दिवे होते. पहिल्या दोन-तीन वर्षांतच बुधाचा दिवा उडाला. मी पुण्याला आमच्या संस्थेत कळवलं. उत्तर आलं, "शनी, गुरू, मंगळ चालू आहेत ना? मग चालवा. बुध कोण बघतंय?" पुन्हा कळवलं, पुन्हा तेच. शेवटी बॅटरीच्या काचेवर काळा कागद चिकटवला, त्याला टाचणीनं भोक पाडलं आणि ती हातात धरून मीच बुध दाखवायला लागलो. संस्थेचं आकाश बुधाविना होतं, माझं नव्हतं. याचा मला आजही अभिमान आहे, कुणी हसलं तरी हसो.

मुलं कडी बघायला शनी मागायची, मंगळावर माणसं आहेत का विचारायची. बुधाला कुणी विचारायचं नाही. मी मुद्दाम तिथं थांबायचो. हा सूर्याच्या सगळ्यांत जवळचा आणि ग्रहांत सगळ्यांत लहान. आपल्या चंद्राहून थोडाच मोठा. दगडी गोळा, पण पोटात लोखंड इतकं की वरचा दगड संत्र्याच्या सालीएवढाच म्हणायचा. अंगभर खड्डे. एकही चंद्र नाही. हवा जवळजवळ नाही, म्हणून भर दुपारीही तिथलं आकाश काळं. दिवसा शिसं वितळेल इतकी आग, आणि पांघरायला हवा नसल्यामुळे रात्री असली थंडी की आपलं माघातलं गारठणं त्यापुढं काहीच नाही. सूर्याभोवतीची फेरी अठ्ठ्याऐंशी दिवसांत उरकतो, म्हणजे तीन महिन्यांच्या आत वर्ष संपलं. पण स्वतःभोवती इतका सावकाश फिरतो की एकदा सूर्य उगवला की पुन्हा उगवेपर्यंत त्याची दोन वर्षं होतात. वर्ष दिवसापेक्षा लहान! इथं पोरं हमखास ओरडायची, "मग वाढदिवस रोज दोनदा!" त्या ओरडण्यासाठी मी टेम्पोतून हाडं खिळखिळी करून घेत होतो.

पारगावला साखर कारखान्याकडे ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, असतात. त्यांच्या मुलांसाठी एकदा खेळ लावला. त्या दिवशी तोड बंद होती म्हणून बायाही आल्या. लुगडी सावरत रांगत आत शिरल्या आणि गार जागा मिळाल्यावर निम्म्या तिथंच झोपल्या. मी त्यांना उठवलं नाही. जाग्या होत्या त्यांतली एक मन लावून ऐकत होती. बुधावरच्या उन्हाचं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "भाऊ, तितं सावली आसंल का वो?"

मी सांगितलं, खड्ड्यांच्या आडोशाला सावली असते, पण हवा नाही, त्यामुळे उन्हात होरपळायचं आणि कायमच्या सावलीत गोठायचं.

"मंग न्हवं काई आपरूक," ती म्हणाली. "आमच्या मुकादमाचा फड दिसतोय."

सगळ्या जाग्या असलेल्या हसल्या. मीही हसलो. नंतर टेम्पोत बसल्यावर मला हसू आलं नाही. त्या बाईनं एका वाक्यात जे केलं ते मला पुढच्या कुठल्याच शाळेत जमलं नाही.

दुसरं गिऱ्हाईक याच्या अगदी उलट. एका गावचे पुढारी खेळाच्या उद्घाटनाला आले. गाव सांगत नाही, माणूस अजून तिथंच आहे. खेळ संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "राव, आमचा बुध वक्री हाय म्हनं. तुमच्या मशिनीवर दिसंल का?"

मी त्यांना खळ्यावरच्या मळणीच्या बैलाचं उदाहरण दिलं. तुम्ही बांधावर बसलाय. बैल खांबाभोवती फिरतोय. अर्धी फेरी तो उजवीकडे जाताना दिसतो, अर्धी डावीकडे. म्हणून बैल उलटा चालला का? बुध सूर्याभोवती तसाच फिरतो. तो कधी मागं फिरत नाही, आपल्याला बांधावरून तसं दिसतं.

त्यांनी मन लावून ऐकलं. मान हलवली. म्हणाले, "पटलं. लई झ्याक सांगितलं. मंग आता त्येला मशिनीवर सरळ करा, मी बटन दाबतो. ह्यो आमचा कार्यकर्ता फोटो काडंल."

तोवर आमच्याकडे नवीन यंत्र आलं होतं, कॉम्प्युटरवर चालणारं. त्यात आकाश पुढंमागं करता यायचं. मुख्याध्यापक माझ्याकडे काकुळतीनं बघत होते, शाळेच्या पत्र्याचं काम पुढाऱ्यांकडे अडकलेलं. मी आकाश दोन महिने पुढं नेलं. त्यांनी बटन दाबलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. शाळेचे पत्रे आले. ज्योतिष्यानं पुढाऱ्यांकडून काय घेतलं ते मला माहीत नाही, पण बुधाचं काम मात्र मी फुकटात केलं.

तो फोटो संस्थेतही पोचला, आणि संस्थेला यातून वेगळाच धडा मिळाला. शेवटच्या वर्षांत नवे साहेब आले आणि म्हणाले, "पालकांना राशी आवडतात. राशींचा शो करा. तुमचा तो बुध-बिध कमी करा." मी कमी केला नाही. मग त्यांनी मलाच कमी केलं. आता तो घुमट पुण्यातल्या मॉलमध्ये वाढदिवसांना लावतात, आत डायनासोर पळतात, असं ऐकतो.

इथवर लिहिलं ते संपादकांसाठी. आता वैजूचं सांगतो.

माझी धाकटी बहीण कमल आंबेगाव तालुक्यातल्या लोणीला दिलेली. वैजयंती तिची एकुलती मुलगी. सगळे वैजूच म्हणतात. लोणीच्या शाळेत मी दरवर्षी खेळ लावायचो. वैजू पाचवीत असताना मी सांगितलं की बुधाच्या ध्रुवांजवळच्या खोल खड्ड्यांत बर्फ आहे. वैजू अंधारातून म्हणाली, "मामा, काहीबी! चुलीत बरफ टिकंल का?"

मी डब्यातली वाटी काढली आणि बॅटरी आडवी धरली. तिरपा उजेड वाटीच्या कडेवरच अडला, तळाशी काळोखच राहिला. ध्रुवावर सूर्य असाच कायम आडवा असतो. खड्ड्याच्या तळाशी ऊन कधी पोचतच नाही. वैजूनं वाटी हातात घेऊन दहादा फिरवून पाहिली. पुढच्या वर्षी माझ्या घशाला सूज होती, तर सहावीतल्या त्या पोरीनं बॅटरी आणि वाटी घेऊन अख्ख्या शाळेला बुध समजावला. मी बाहेर पंख्याशी बसून ऐकत होतो. डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच नाही. मला मूलबाळ नाही.

खरा बुधही तिला दाखवला. तो सूर्याचं बोट सोडत नाही, त्यामुळे सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी थोडा वेळच, अगदी क्षितिजाला टेकून दिसतो. जुन्नरकडे पश्चिमेला डोंगर आडवे. तिथं तो दिसायच्या आत बुडतो. लोणीच्या माळावर मात्र आभाळ जमिनीपर्यंत उघडं. आम्ही दोघं माळावर उभे राहिलो आणि तिलाच तो आधी सापडला.

दहावीला तिला चांगले मार्क पडले. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा तिनं ध्यास घेतला होता. शेवटच्या फेरीत पुण्यातल्या तंत्रनिकेतनात नंबर लागला. मूळ कागद घेऊन संध्याकाळच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. उत्पन्नाचा दाखला मंगळवारी दुपारी हातात पडला आणि हजर व्हायचा शेवटचा दिवस होता बुधवार.

कमलनं फोन केला. "दादा, बुधवारी मी पोरीला घराभाईर काडनार न्हाई."

जाशील बुधी तर येशील कधी, ही म्हण आमच्याकडे प्रत्येक मुलीला पाठ असते. लेक बुधवारी घरातून निघाली की परत येत नाही. मी फोनवर चिडलो. कमल म्हणाली, "आक्का बुधवारीच गेल्ती. इसरला का?"

विसरलो नव्हतो. आमची थोरली बहीण बुधवारी सासरी गेली आणि पहिल्याच बाळंतपणात वारली. ओढ्याला पूर होता, पलीकडे न्यायला पूल नव्हता. आक्काला पूल नसल्यानं मारलं. पण पूल नसल्याचा राग कुणावर धरायचा, हे कमलला तेव्हा कुणी सांगितलं नाही. बुधवारचं मात्र सगळ्यांनी सांगितलं. तिच्या भीतीला मी वेडेपणा म्हणू शकलो नाही. ती माझीही आक्का होती.

तोड काढली वैजूच्या वडिलांनी. त्यांनी पस्तान ठेवायचं ठरवलं. नव्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. वाईट दिवशी निघायची वेळ आली तर आदल्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान गाठोड्यात बांधून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवासाला निघणं त्या दिवशीच झालं. दुसऱ्या दिवशी नुसतं गाठोडं उचलून पुढं जायचं. ग्रहाच्या डोळ्यात धूळ फेकायची ही आपली जुनी युक्ती. मंगळवारी दिवेलागणीला वैजू पाया पडून घरातून निघाली, शेजारी धोंडिबाच्या घरात सामान ठेवलं आणि परत येऊन जेवली. कमलचं मन शांत झालं.

बुधवारी सकाळी मी जीप घेऊन लोणीला पोचलो. वैजू नवा ड्रेस घालून अंगणात उभी, आणि तिचे वडील धोंडिबाच्या दारासमोर. दाराला कुलूप.

धोंडिबाकडे मेंढरं आहेत. पहाटे निरोप आला होता की उसाच्या कडेला बसवलेल्या मेंढरांत बिबट्या शिरला. नवरा-बायको दोघं होते तसे मोटरसायकलवर निघून गेले. फोन लागेना.

"गाठोडं राहू दे," मी म्हणालो. "कपडे पुण्यात घेऊ. चल."

वैजू रडायला लागली. "मामा, कागदं त्यातच हायेत."

पस्तानात महत्त्वाची वस्तू ठेवावी म्हणतात, नाहीतर ते खरं धरत नाहीत. सुपारी आणि मूठभर तांदूळ ठेवून भागलं असतं. पण कमलनं ग्रहाची पक्की खात्री पटावी म्हणून पोरीचे सगळे मूळ कागद त्यात बांधले होते.

मी म्हणालो, कुलूप तोडू. तिचे वडील म्हणाले, "त्येंच्या घरावर आदीच आज संकट आलंय, आन् आपुन मागारी कुलूप तोडायचं?" गावात राहणाऱ्या माणसाचं ते बरोबर होतं. आणि मला ते ऐकवतही नव्हतं. मी जीप घेऊन धोंडिबाला शोधायला निघालो. दोन गावं पालथी घातली. तो सापडला तेव्हा मेलेल्या मेंढरांशेजारी वनखात्याच्या माणसांची वाट बघत बसला होता. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत त्यानं कनवटीची किल्ली काढली. म्हणाला, "अरं द्येवा! कुलूप तोडायचं न्हाई का? पोरीचं काम व्हतं!"

शिक्रापूरला वाहतूक अडली, वाघोलीला त्याहून जास्त. आम्ही पोचलो तेव्हा टेबलामागच्या मुलानं कॉम्प्युटर आमच्याकडे वळवून दाखवला. मुदत संपल्यावर ते पान आपोआप बंद होतं, त्याच्या हातात काही नव्हतं. तो वाईट वागला नाही. वैजूला त्यानं पाणी दिलं.

परतीच्या वाटेवर ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली. मी तिला पुढच्या वर्षीचं सांगत होतो आणि माझं मलाच ते पोकळ वाटत होतं.

घरी पोचलो तर अंगणात माणसं जमलेली. कमलनं पोरीला मिठी मारली आणि म्हणाली, "परत आली, तेवढं फुरं." मग एकेक जण बोलायला लागला. बुधवार भोवला. पस्तान ठेवूनबी बुधानं गाठलंच. मेंढरं गेली ती पोरीवरचं संकट घेऊन गेली. मला राहवलं नाही. मी ओरडलो, "अरे, पस्तान ठेवलं नसतं तर पोरगी सकाळीच पोचली असती! बुध तिकडं सूर्याशेजारी भाजत पडलाय. त्याला हवा नाही, पाणी नाही, लोणी कुठं आहे हे त्याला काय माहीत?"

एक म्हातारबा शांतपणे म्हणाले, "पावणं, तुमी बुध शिकवता. पन आज खरा कोन ठरला?"

दोन तालुक्यांत बुध दाखवत फिरलो, आणि माझ्याच बहिणीच्या अंगणात लोकांनी बुधाचा पुरावा म्हणून माझ्याच भाचीकडे बोट दाखवलं. मी वैजूकडे पाहिलं. वाटलं, आता ही बोलेल. वाटी-बॅटरी घेऊन अख्ख्या शाळेला सांगणारी पोरगी आहे. ती आत निघून गेली.

वर्षभर ती जवळच्या कॉलेजात अकरावीला जात राहिली. यंदा डिप्लोम्याचे प्रवेश पुन्हा सुरू झाले. मी पहिल्याच आठवड्यात लोणीला गेलो. मुद्दाम लवकर, म्हटलं, या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत जायला नको. वैजू मला बघून पळत आली. सगळे कागद तिनं पिशवीत नीट लावून ठेवलेच होते. डोळ्यांत तीच जुनी चमक. मला इतका आनंद झाला की मी जीपमधून उतरलोसुद्धा नाही.

"बस," म्हटलं. "चल, आत्ताच जाऊन नोंदवून येऊ."

तिचा हात पिशवीवर थांबला.

"आज नको मामा. आज बुधवार हाय. उद्या जाऊ."

मी कमलकडे पाहिलं. तीही चपापली होती. तिनं पोरीला शिकवून ठेवलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. वैजू मात्र सहज हसत होती. मुदत भरपूर होती, एक दिवस उशिरा जाऊन काहीही बिघडणार नव्हतं, त्यामुळे मला भांडायलाही जागा नव्हती.

"उद्या नक्की," ती म्हणाली. "आज चा घ्या आन् सावकाश जा."

मी चहा घेतला आणि निघालो. मला कुणी थांबवलं नाही. गडीमाणसाला बुधवार लागत नाही.